गाशुशा हरली तो दिवस

लढाई संपल्यावर बायोनहून एक मोठे साहेब आले आणि त्यांनी इरात्सेता घरच्या गाशुशाच्या छातीवर पदक लावलं. चर्चच्या अंगणात सारा गाव गोळा झाला होता. साहेब भाषणाला उभे राहिले आणि हात उंचावून म्हणाले, "या बाईनं आयुष्यात कधी हार मानली नाही!" त्याबरोबर मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं. मग दुसरं कुणीतरी खोकलं, आणि मग निम्मा गाव रुमालात तोंड खुपसून हसायला लागला. साहेबांना वाटलं आपली टोपी वाकडी झालीय, म्हणून त्यांनी ती सारखी केली. गाशुशा कानापर्यंत लाल झाली आणि पदकासकट माझ्याकडे वळून फिस्कारली, "पान्त्शिका, तू हसलीस तर यंदा तुझ्या गाईला माझा बैल मिळायचा नाही."

मी हसले. बैल दुसरीकडून आणला.

मी तिची पहिली शेजारीण. फ्रान्सच्या या टोकाला, आम्हा बास्क लोकांत, पहिलं शेजारपण घराला चिकटलेलं असतं, माणसांना कुणी विचारत नाही. पटो न पटो, तिच्या घरात कुणी जन्मलं तर मी आधी हजर, आणि कुणी गेलं तर मयतापुढची मेणबत्ती माझ्या हातात. तिचा नवरा गानिश गेला तेव्हा ती मीच धरली होती. त्याच हक्कानं मुसच्या खेळात मी तिची भिडू झाले, आणि ते मात्र जन्मभर भोगलं.

मुस म्हणजे पत्त्यांचा खेळ. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू, आणि गुण मोजायला मक्याचे दाणे. यात भिडूला तोंडानं खुणा करायची मुभा असते. खालचा ओठ चावला की हातात दोन राजे, जिभेचं टोक दिसलं की दोन एक्के, आणि डोळा मारला की एकतीस, म्हणजे शेवटच्या फेरीतला सगळ्यात भारी हात. समोरच्यांनी ती खूण पकडायची नि आपण ती चोरून करायची, यातच सगळी गंमत. पण खोटी खूण करायची नाही. नवऱ्याशी खोटं बोललेलं आमच्याकडे चालून जातं, मुसमधली खोटी खूण चालत नाही. गाशुशाचा डोळा तर इतका सवयीचा झाला होता की नवे पाद्री एकदा तिच्याकडे खेळायला बसले तेव्हा तिनं मला मारलेला डोळा त्यांना आपल्यालाच मारल्यासारखा वाटला. पुढं बरेच दिवस ते तिच्या घराच्या वाटेला गेले नाहीत.

ती हरायची नाही. बाप्तिस्म्याच्या जेवणानंतर नाही, मयताच्या जेवणानंतरही नाही. सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकदा कळवळून म्हणाली, "सूनबाई, एक डाव तरी जिंकू दे गं मला."

गाशुशा म्हणाली, "आणि मग तुम्हाला वाटेल, डॉक्टरनं मला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलंय. खेळा मुकाट्यानं."

सासू त्यानंतरही बरीच वर्षं जगली, हरत हरत. ही गोष्ट आमच्या डोंगरात इतक्यांदा सांगितली गेलीय की लहान पोरांनाही पाठ आहे.

अशा बाईकडे खाली किनाऱ्यावरच्या दोनिबाने गावची एक शिंपीण आली, जर्मन येऊन वर्ष होऊन गेलं होतं तेव्हा. इंग्रजांची विमानं तिकडं वर बेल्जियममध्ये पडायची. त्यातली जी माणसं जिवंत राहायची त्यांना घराघरांतून लपवत खाली आणायचं, शेवटी आमचा डोंगर चढवायचा आणि बिदासोआ नदी ओलांडून स्पेनमध्ये सोडायचं, असं ते काम. डोंगराआधीचं शेवटचं घर हवं होतं. सापडलं तर घरातल्या माणसांना जर्मन गोळी घालत, नाहीतर छावणीत पाठवत. शिंपिणीनं हे सगळं हळू आवाजात सांगितलं आणि विचारलं, "ठेवून घ्याल का अशी माणसं?"

गाशुशानं विचारलं, "मुस येतं का त्यांना?"

तिचं उत्तर होकाराचं होतं हे शिंपिणीला मी समजावून सांगितलं.

आमच्या डोंगराला चोरटी वाट नवी नव्हती. आमच्या बापजाद्यांनी खेचरं नेली, लेस नेली, तंबाखू नेला. माणसं नेणं त्यातलंच, फक्त माणसाला पाय असतात आणि या लोकांना ते फारच मोठे होते. दोरीच्या तळव्यांचे कापडी जोडे घातल्याशिवाय आमच्या खडकांवर माणूस टिकत नाही, आणि तेवढ्या मापाचे जोडे गावात कुणाचेच नव्हते. जोडेवाल्यानं माप बघून विचारलं, "बाई, हे जोडे की होड्या?" तेव्हापासून गाशुशा ते घरीच शिवायची. बोटांना भोकं पडायची आणि शिव्या मला मिळायच्या.

मग ती त्यांना चालायला शिकवायची. अंगणात गवताचा भारा डोक्यावर देऊन फेऱ्या मारायला लावायची. "खिशातले हात काढ! बापाची जहागीर बघायला आलायस का?" त्यांना बास्क कळायचं नाही, मग ती तेच दुप्पट मोठ्यानं सांगायची. आवाज चढवला की भाषा समजते, अशी तिची ठाम समजूत होती. गंमत म्हणजे त्यांना समजायचंही.

आणि सगळ्यांना ती मुस शिकवायची. मी म्हटलं, "अगं, यांचा जीव टांगणीला लागलाय आणि तू पत्ते काय वाटतेस?" तर म्हणाली, "रिकामा बसलेला माणूस खिडकीकडं बघतो. खिडकीकडं बघणारा माणूस लांबून ओळखू येतो. मुस खेळणारा माणूस इथलाच असतो." मुसला भाषा लागते ती चार-पाच शब्दांची. पत्ते बदलायचे तर मुस, बोली सोडून द्यायची तर पासो, पण लावायचा तर एन्बिदो, आणि सगळंच पणाला लावायचं असलं की होर्दागो. एवढं आलं की माणूस बास्क. दोनदा जर्मन शिपायांनी दार ढकलून आत बघितलं, टेबलावर मुठी आपटून ओरडणारी माणसं दिसली, आणि ते आल्या पावली परत गेले.

जर्मनांच्या डोळ्यांत धूळ फेकणं एवढं अवघड नव्हतं. अडचण होती ती बेत्तिरीची. बेत्तिरी पोलिसातला शिपाई, आमच्याच खोऱ्यातला, गानिशचा लहानपणापासूनचा दोस्त. जर्मन आल्यावर त्याच्या साहेबांनी हुकूम जर्मनांचे घ्यायला सुरुवात केली, मग तोही तेच करायला लागला. मनात काय होतं, कुणास ठाऊक. त्या काळात आपण भावाच्याही मनात डोकवायचो नाही. गानिश गेल्यावरही दर गुरुवारी तो कुणातरी जोडीदाराला घेऊन इरात्सेताला मुस खेळायला यायचा आणि हरून जायचा. इतक्या वर्षांत त्यानं तिच्याविरुद्ध एक डाव जिंकलेला नव्हता.

तो दिवस गुरुवार नव्हता. गुरांखाली अंथरायचं डोंगरावरचं नेचं कापून झालं होतं, बाहेर बारीक पाऊस लागला होता. स्वयंपाकघरात मी, गाशुशा आणि एक लांबडा इंग्रज बसलो होतो. त्याचं खरं नाव मला आजही उच्चारता येत नाही, आम्ही त्याला एर्रामुन म्हणायचो. दूध काढायच्या वेळेला वाटाड्या मानेश येऊन त्याला घेऊन जाणार होता. मानेशला पोलीस कधीपासून शोधत होते, आणि तो दार वाजवत नसे, गोठ्यातून सरळ आत यायचा.

"वहिनी, येऊ का आत?" असं म्हणेपर्यंत बेत्तिरी आत आलेलाच होता. त्यानं बूट काढले, मोजे पिळले आणि चुलीपाशी वाळत घातले. पोलिसानं मोजे वाळत घातले की तो लवकर उठत नाही.

"हे कोण पाहुणे?"

"एर्रामुन," गाशुशा म्हणाली. "गानिशच्या मावसबहिणीचा. झुबेरोआचा आहे, मेंढरं राखतो. दाढ सुजलीय, बोलवत नाहीये त्याला."

"बरंच झालं. झुबेरोआवाले बोलले तरी मला कुठं कळतं?" बेत्तिरी खुर्ची ओढून त्याच्या समोर बसला. "चौथी जागा माझ्यासाठीच ठेवली होतीत ना? चल रे मेंढपाळा, आज तू माझा भिडू. आज वहिनीला हरवल्याशिवाय मी इथून उठत नाही."

"तुला ड्युटी नाही का रे?"

"आहे की. पुलावर उभं राहायचंय. पण पूल कुठं पळून चाललाय?"

"मग इथंच म्हातारा होशील."

"होऊ दे. चूल चांगली आहे तुमची."

आता यात अवघड काय होतं? एक डाव हरायचं, त्याला खूष करायचं आणि वाटेला लावायचं. माझ्यासारखीनं डोळे मिटून केलं असतं. पण गाशुशाच्या हातात पत्ते आले आणि ती सगळं विसरली. पहिला डाव तिनं जिंकला. मी टेबलाखालून लाथ मारली. दुसरा डावही तिनं जिंकला. मी आणखी जोरात मारली, तर मोठ्यानं म्हणते कशी, "लाथा काय मारतेस गं गाढवासारख्या?"

"पायाला मुंग्या आल्या," मी म्हटलं.

"मग चुलीजवळ सरक."

मानेश कुठल्या वाटेनं येतो हे त्याच्या आईलाही माहीत नसायचं, तरी मी उठून म्हटलं, "मी जरा गाय बघून येते." वाटलं, निदान गोठ्याच्या दारात उभी राहीन. बेत्तिरीनं माझी बाही धरली. "डाव अर्धा टाकून? पान्त्शिकाबाई, तुमची गाय पळून गेली तर मी पोलीस आहे, शोधून देईन." मी बसले.

मग पत्ते पिसायची पाळी एर्रामुनची आली. बिचारा एवढा वेळ ओठ चावत होता, पासो म्हणत होता, सगळं नीट चाललं होतं. त्यानं पत्त्यांचे दोन भाग केले, अंगठ्यांनी वाकवले आणि फर्रकन एकात एक घुसवले. असे पत्ते आमच्या डोंगरात कुणी पिसत नाही. सैतानसुद्धा नाही. बेत्तिरी त्या हातांकडे बघत राहिला.

"हिवाळा लांब असतो त्यांच्याकडे," गाशुशा म्हणाली. "मेंढरं झोपली की हेच धंदे."

बेत्तिरीनं वाटलेले पत्ते उचलले.

खिडकीतला उजेड मंदावायला लागला तशी गाशुशा भानावर आली. तिची नजर गोठ्याच्या दाराकडे गेली, मग एर्रामुनच्या मोठ्या पायांकडे, तिनंच शिवलेल्या त्या जोड्यांकडे. पोरगं तिच्याकडे बघून हसलं. आपला जीव त्या टेबलावर आहे हे त्याला आमच्याइतकंच कळत होतं. तिथून तिनं दाणे सोडायला सुरुवात केली. प्रत्येक दाणा देताना तिचा चेहरा असा व्हायचा जसा दात उपटताना होतो. शेवटी दोन्ही बाजू सारख्या झाल्या. जो शेवटची फेरी घेईल त्याचा डाव, अशी वेळ आली.

तिनं पत्ते उचलले. पहिली बोलायची पाळी तिची होती. आणि त्याच क्षणी, जन्माची सवय, तिनं मला डोळा मारला.

एकतीस! पहिल्या बोलणाऱ्याकडे एकतीस असलं की त्याला कुणाचा बापही हरवू शकत नाही. मी मनात म्हटलं, संपलं, ही काही हे सोडायची नाही. या बाईपायी आता मानेश धरून आपण चौघंही मरणार.

"पासो," गाशुशा म्हणाली.

बेत्तिरीनं तिच्याकडे बघितलं. मग सावकाश म्हणाला, "होर्दागो."

सगळं पणाला. नुसतं "बघू" म्हणायचं होतं. पत्ते उलटायचे होते, की बेत्तिरी पुन्हा एकदा हरणार होता आणि पुन्हा पत्ते वाटले जाणार होते. गाशुशाचा हात त्या चार पानांवरून निघेना. गानिशच्या मयताच्या दिवशी तिचा हात असाच पेटीवरून निघत नव्हता. मग तिनं ती पानं पालथीच ढिगात सारली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "घे तुझा डाव."

मला वाटलं होतं बेत्तिरी नाचेल, खुर्चीवर चढेल, खानावळीत जाऊन सगळ्यांना वाइन पाजेल. तो जागेवरच बसून राहिला. मग त्यानं ओले मोजे पायांत चढवले, बूट बांधले, कोट घातला. जाता जाता एर्रामुनच्या खांद्यावर हात ठेवला. "दाढ सांभाळ रे. आणि पत्ते असे पिसू नकोस."

दारात तो थांबला. "वहिनी, मला डोळा दिसला."

"कसला डोळा?"

"एकतीसचा." त्याचा आवाज अगदी खाली आला होता. "पोरगं लांबडं आहे, ते मी पाहिलं. पत्ते कसे पिसतं तेही पाहिलं. ते सगळं मी झुबेरोआच्या नावावर घातलं असतं. पण तू एकतीस टाकून दिलंस. तू. सासूला नाही सोडलंस कधी, आणि मला सोडलंस?"

चुलीवर दूध उतू गेलं, ते कुणी उतरवलं नाही.

"पुन्हा कुणापुढं हरू नकोस," बेत्तिरी म्हणाला. "माझ्यापुढं तर नाहीच नाही. तू हरलीस की अख्ख्या डोंगराला कळेल, घरात काहीतरी दडवलंय म्हणून." त्यानं टोपी घातली. "मी आज दिवसभर पुलावर होतो. इकडं फिरकलोच नाही."

तो गेल्यावर गाशुशा टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली. मला वाटलं, भीती बाहेर पडतेय. मी पाठीवरून हात फिरवला, तर ती म्हणाली, "एकतीस होतं गं! आणि बोलणं पहिलं माझं!" मग तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले.

मानेश आला तेव्हा बेत्तिरीच्या बुटांची ओल जमिनीवर तशीच होती. एर्रामुननं मक्याची भाकरी आणि चीज छातीशी धरलं, दारात वळून तिच्याकडे बघितलं आणि त्याला येणाऱ्या शब्दांतला सगळ्यात मोठा शब्द म्हणाला, "होर्दागो." नदीपलीकडे तो सुखरूप पोचला. जर्मनांच्या हातावर तुरी देऊन गेला, आमच्या जोड्यांत.

पुढच्या गुरुवारी बेत्तिरी आला आणि नेहमीसारखा हरला. झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. फक्त खेळता खेळता आपल्याशीच बडबडायचा, उद्या गस्त कुठल्या बाजूला आहे नि परवा पुलावर कोण. गाशुशा दाणे मोजायची आणि ऐकायची. असं ते चाललं, आणि मग एका वसंतात जर्मन त्याला घरातून घेऊन गेले. कुणी सांगितलं, का सांगितलं, ते कळलं नाही. गाशुशा चीजचा गोळा शालीखाली घेऊन चौकीपर्यंत गेली, तिला हाकलून दिलं. गुरुवारी ती पत्ते काढेनाशी झाली. पुढं एकदा मीच कपाट उघडायला गेले तर म्हणाली, "राहू दे." इतक्या वर्षांत मी तिला घाबरले नव्हते, पण तेव्हा तिच्या त्या गप्प बसण्याची मला भीती वाटायची.

लढाई संपली त्या उन्हाळ्यात तो परत आला. कोट खांद्यावर लटकल्यासारखा दिसायचा. खोकला तिथून घेऊन आला, तो कायमचा. तेव्हा कुठं त्या हरलेल्या डावाची गोष्ट गावाला कळली, आणि सगळा गाव त्याच्याशी हळू बोलायला लागला. बायका लोणी नेऊन द्यायच्या, पुरुष उठून खुर्ची द्यायचे. खानावळीत मुसला बसला की सगळे त्याच्याशी हरायला लागले. चांगल्या मनानं, पण हरायला लागले. थोड्या दिवसांनी तो खानावळीत जाईनासा झाला.

एका गुरुवारी तो इरात्सेताच्या दारात उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाशुशानं त्याच्या पायांकडे बघितलं. "मोजे ओले नाहीत ना? मग बस."

कपाटातून पत्ते निघाले. मानेश त्याचा भिडू झाला. पत्ते वाटताना मी तिच्या कानाशी लागले, "अगं, आज तरी एक डाव सोड त्याला. बघ कसा झालाय." तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी माझे पत्ते उचलले.

तिनं त्याला धुऊन काढलं. त्याचा ओठ हलला की राजे ओळखले, तो हातात काही नसताना पण लावायला गेला की पकडलं, एक दाणा त्याच्याकडे टिकू दिला नाही. शेवटी टेबलाच्या आमच्या बाजूला मक्याचा ढीग, आणि त्याच्यापुढं नुसतं लाकूड. बेत्तिरी त्या रिकाम्या लाकडाकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा रडणार, आणि या बाईला मी आयुष्यात माफ करणार नाही.

त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता. खोकत होता आणि हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "म्हणजे डॉक्टरनं तुला बाहेर नेऊन काही सांगितलेलं नाही तर."

"नाही."

"म्हणजे मी जगणार."

"जगशील," गाशुशानं पत्ते त्याच्याकडे सरकवले. "हरत हरत. पिस आता."